साक्षीतली दुरुस्ती

"हे आधी वाच. मग तुझं ते वाच," असं म्हणत पारधे सिस्टरांनी निळ्या पुठ्ठ्याची एक मळकी वही माझ्या मांडीवर टाकली.

आम्ही चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो. स्वयंपाकघर म्हणजे चार खांब, वर गवताचं छप्पर आणि मध्ये तीन दगडांची चूल. सिस्टरांसमोर चटईवर अलेफा कुशीवर पडली होती. अर्ध्या तासापूर्वी आमच्या जेवणासाठी मक्याचं पीठ घोटताना तिला फिट आली आणि पडताना तिचा डावा हात विस्तवात गेला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सुटली होती. सिस्टर त्यावर मगाने पाणी सोडत होत्या, सावकाश, धार न तुटू देता.

"तुझं ते" म्हणजे चर्चच्या दारावर चिकटवलेला कागद. त्यावरचा मजकूर मी लिहिला होता. शीर्षक होतं, 'अलेफा व्याधीमुक्त'.

मी वही उघडली. मलावीत प्रत्येक रुग्णाकडे अशी वही असते. दवाखान्यात जाताना ती न्यायची आणि तिथल्या माणसाने तारीख घालून त्यात लिहायचं. अलेफाच्या वहीत तीन वर्षांच्या नोंदी होत्या. आजार, अपस्मार. औषध, फिनोबार्बिटोन, रोज एकदा. सव्वा वर्षापूर्वी मात्रा वाढवलेली. शेवटची फिट त्यानंतरच्या महिन्यातली, चौदा महिन्यांपूर्वीची. त्यानंतर दर महिन्याला शिक्का, आणि प्रत्येक शिक्क्यापुढे त्याच अक्षरात 'फिट नाही'. शेवटचा शिक्का अठरा दिवसांपूर्वीचा.

"गोळ्या चालू होत्या," मी म्हणाले.

"होत्या. रविवारपासून बंद आहेत. आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग? ही गोळी एकदम तोडायची नसते. बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, मार्थे. तुमच्या पेपरात असं चालतं का गं? माणसाला न विचारता छापतात?"

चालत नाही. तेव्हा मी एका दैनिकाच्या नगर आवृत्तीत अकरा वर्षं काम करत होते. एखाद्या नव्या वार्ताहराने 'अमुक व्याधीमुक्त' अशी बातमी आणली असती तर मी त्याला तीन प्रश्न विचारले असते: कोण म्हणतं, डॉक्टर काय म्हणतो, औषध चालू आहे का. इथे मी एकही विचारला नव्हता. चर्चची बातमी होती. सगळे आपलेच होते. सात वाजता मजकूर पाठवायचा होता.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगरची. पहिल्यांदाच आमच्याकडून परदेशात सेवेसाठी गट निघाला होता: आठ माणसं, सोळा दिवस, मलावीतलं चिकोम्बे नावाचं गाव. चर्चच्या छपराचे पत्रे बदलायचे, आसपासच्या गावांत चष्मे वाटायचे, प्रार्थनासभा घ्यायच्या. गटाचे पुढारी ब्रदर नोहा सातदिवे. त्यांनीच मला आग्रह केला. "ताई, करणारे पुष्कळ आहेत, लिहिणारं कुणी नाही. पूर्वी मिशनरी आपल्याकडे आले आणि त्यांनी आपल्याबद्दल लिहिलं. आता आपण जातोय. आपलं आपण लिहू या." मला ते पटलं. अजूनही पटतं. मी रोजचा वृत्तांत मराठीत नगरला पाठवायचा आणि इंग्रजीत इथल्या पाळकांना द्यायचा, असं ठरलं.

आधीच्या शुक्रवारी दुपारच्या सभेत अलेफा पुढे आली होती. चोविसेक वर्षांची, गायनवृंदात पुढच्या ओळीत उभी राहणारी, पाठीवर दीड वर्षाची मुलगी बांधलेली. ब्रदरांनी विचारलं, "काय त्रास आहे?" तिथले पाळक, पास्टर म्वाले, भाषांतर करत होते. ती म्हणाली, "मला फिट येतात."

"शेवटची कधी आली?"

"चौदा महिने झाले."

"चौदा महिने!" ब्रदर मंडळीकडे वळले. "प्रभूने आधीच काम सुरू केलंय. आज तो ते पुरं करतोय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली, आणि ती मोकळी झाली असं जाहीर केलं. बायकांनी जिभा हलवत आनंदाचा गजर केला. अलेफा रडत होती. मीही रडले. मग वहीत 'चौदा महिने' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

पारधे सिस्टर त्या दिवशी शेजारच्या गावात चष्मे वाटत होत्या.

ब्रदरांनी तालुक्याच्या गावी जाऊन माझा इंग्रजी मजकूर मोठ्या अक्षरांत छापून आणला. रविवारी पास्टरांनी तो उपासनेत वाचला आणि दारावर चिकटवला. वाचून झाल्यावर ब्रदर दोन शब्द बोलले. "गोळ्या फेकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. देव अर्धं काम करत नाही." मी दुसऱ्या रांगेत होते. मान डोलावली होती.

अलेफाला नऊ किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेऊन हाताला मलमपट्टी केली. तिथल्या माणसाने गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या, वहीत लिहिलं, गोळ्यांची पुडी दिली. परत आलो तेव्हा ब्रदर छपरावर पत्रे ठोकत होते. पन्नाशीच्या माणसाने त्या उन्हात वर चढू नये, पण ते रोज चढायचे, आणि त्यांचे तळवे फुटले होते. हे लिहिणं भाग आहे, कारण ते लबाड नव्हते. लबाड असते तर सोपं होतं.

ते खाली उतरले. "समजलं मला. आम्ही वरूनच प्रार्थना केली."

"ब्रदर, ती तीन वर्षं गोळ्या घेत होती," मी म्हणाले. "म्हणून चौदा महिने फिट नव्हती. रविवारी तिने त्या बंद केल्या."

"मी बंद करायला सांगितलं नाही. तुम्ही होतात तिथे."

"देव अर्धं काम करत नाही, असं म्हणालात."

"मग? करतो का?"

उत्तर सिस्टरांनी दिलं.

"ब्रदर, चष्मा काढा."

"काय?"

"काढा ना. देव अर्धं काम करत नाही, तर तुमचे डोळे तरी का अर्धे ठेवले? आणि कालपर्यंत आपण दोनशे चाळीस माणसांना चष्मे वाटले, ते कशाला? सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोकळं व्हायचं होतं."

"सिस्टर, हा थट्टेचा विषय नाही."

"थट्टा नाही करत मी. तिचा हात बघून या. आणि ते पोर आज सासूकडे होतं म्हणून वाचलं. रोज पाठीवर असतं."

ब्रदर जाऊन बघून आले. डोळे लाल झाले होते. ओट्यावर बसून त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे म्हणतील, चुकलो.

"ही परीक्षा आहे," ते म्हणाले. "सैतान अशाच वेळी मारतो. सिस्टर, तुम्ही तिला गोळ्या द्या. पण गुपचूप. रविवारी शेवटची उपासना आहे. अलेफाच्या साक्षीमुळे अठ्ठावीस नवी माणसं आली आहेत, मार्थाताई. अठ्ठावीस. त्यांचा कोवळा विश्वास आपल्या हाताने मोडायचा? सोमवारी आपण निघालो की पास्टर बघतील, सावकाश सांगतील."

"आणि नगरला पाठवलंय ते?"

"ते आता तीन मंडळ्यांत वाचून झालंय. लोक उपास धरून प्रार्थना करताहेत. त्यांना काय सांगणार, थांबा?"

"हो."

"तुमच्या पेपरात दुरुस्ती छापतात, माहीत आहे मला. कोपऱ्यात, बारीक टायपात." ते उठले. "ही देवाची गोष्ट आहे, ताई. पेपर नाही."

आयुष्यात पहिल्यांदा एका प्रार्थना करणाऱ्या माणसाचा मला इतका संताप आला की दातांत कळ आली. आम्ही पेपरवाले बदनाम. पण चूक कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी, बारीक टायपात का होईना, आम्ही छापतो. आणि देवाच्या नावावर खपवलेलं खोटं मात्र लोकांचा विश्वास मोडेल म्हणून दारावर तसंच राहू द्यायचं!

शुक्रवारी सकाळी सिस्टर आणि मी अलेफाच्या घरी गेलो. ती अंगणात बसून एका हाताने शेंगा सोलत होती. शाळेत शिकल्यामुळे ती नीट इंग्रजी बोलायची. पुडी जशीच्या तशी होती.

"घेतली नाहीस?" मी विचारलं.

"नाही."

"अलेफा, मी लिहिलं ते चूक होतं. तू गोळी घे."

"चूक होतं हे कुणाला माहीत आहे? तुला आणि मला. आणि या म्हातारीला."

"म्हातारीला इंग्रजी कळतं हं," सिस्टर म्हणाल्या.

अलेफा हसली नाही. "दारावर माझं नाव आहे. पास्टरांनी वाचलंय. मी गोळी घेताना सासूने पाहिलं तर ती काय म्हणेल? देवाने दिलं आणि हिने टाकलं. फिट आली तरी मी विश्वास ठेवला नाही म्हणून आली. गोळी घेतली तरी विश्वास नाही म्हणून घेतली. सांग मला, यात तुमची चूक कुठे दिसते? दोन्हीकडे माझीच दिसते."

"आम्ही गुपचूप..." मी सुरुवात केली आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबले. ब्रदरांचा शब्द माझ्या तोंडात आला होता.

"तुम्ही सोमवारी जाल," ती म्हणाली. "मी इथे राहणार आहे. आजारी म्हणून राहिले आहे मी. लोक माझ्या हातचं पाणी पीत नव्हते, ते हळूहळू प्यायला लागले. आता खोटारडी म्हणून नाही राहायचं मला. त्यापेक्षा पडेन."

परतताना गावच्या वेशीवर सिस्टर म्हणाल्या, "मार्थे, ही पोरगी हट्टी नाही. हिला आपण कोंडलीय."

शनिवारी दुपारी दुसरी फिट आली. माझ्या घड्याळात सात मिनिटं. सिस्टर तिला कुशीवर धरून बसल्या होत्या, सासू दाराशी उभी राहून मोठ्याने प्रार्थना करत होती, आणि छोटी मुलगी आईच्या पायाला धरून ओरडत होती. शुद्धीवर आल्यावर सिस्टरांनी गोळी पुढे केली. अलेफाने तोंड फिरवलं.

"पुढची फिट थांबणार नाही," सिस्टर मला बाहेर येऊन म्हणाल्या. "एकीतून दुसरी. मी पाहिलंय, आणि तेव्हा हाताशी अख्खं हॉस्पिटल होतं. इथे काय आहे? सायकल."

त्या संध्याकाळी मी ब्रदरांकडे रविवारच्या उपासनेत दोन मिनिटं मागितली. ते म्हणाले, कार्यक्रम ठरलाय. मग मी पास्टर म्वाल्यांकडे गेले. साठीचा, सावकाश बोलणारा माणूस. ते म्हणाले, पाहुण्यांचा कार्यक्रम पाहुणेच ठरवतात.

पण साक्षीची वेळ कुणी ठरवत नाही. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उठून सांगणं. आमच्याकडे तसंच, त्यांच्याकडेही तसंच. उपासनेत पाळक विचारतो, कुणाला साक्ष द्यायची आहे का, आणि हात वर करील त्याला उठू द्यावंच लागतं. मग तो दारूडा असो की पाळकाचा वैरी. लहानपणी आमच्या चर्चमध्ये एका बाईने याच वेळेत नवऱ्याची सगळी लफडी सांगितली होती आणि पाळकसाहेबांना शेवटी "आमेन" म्हणावं लागलं होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत मी इतकी खुली जागा कुठल्याही पानावर पाहिली नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. अलेफा गायनवृंदात नव्हती. भिंतीला टेकून बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. पास्टरांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? मी हात वर केला. ब्रदर पुढच्या बाकावर होते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको. मी उठून पुढे गेले.

बातमी लिहितात तसंच बोलले, छोटी वाक्यं.

"दारावरचा मजकूर मी लिहिला आहे. त्यात चूक आहे. अलेफा त्या शुक्रवारी बरी झाली नाही. तिला चौदा महिने फिट आली नव्हती, कारण ती रोज गोळी घेत होती. ती गोळ्या घेते का, हे मी तिला विचारलं नाही. आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. अलेफा एक शब्दही खोटं बोलली नाही. खोटं मी लिहिलं. ते वाचून तिने गोळ्या सोडल्या आणि तिचा हात भाजला. देवाने मला क्षमा करावी."

पास्टर म्वाले भाषांतर करायला शेजारी उभे होते. शंभरेक माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांनी ब्रदरांकडे पाहिलं. ब्रदर पुन्हा मान हलवत होते. मग पास्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि चिचेवात, म्हणजे त्यांच्या भाषेत, बोलायला लागले. मी बोलले त्याच्या तिप्पट वेळ बोलले. मधे त्यांचा आवाज फाटला. बायकांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली, अलेफाची सासू उभी राहिली, पुन्हा बसली. बोलणं संपल्यावर पास्टर मधल्या वाटेने दारापर्यंत चालत गेले आणि त्यांनी तो कागद काढला. गोंदाने घट्ट बसला होता. नखांनी खरवडून काढला, तुकड्यातुकड्याने, आणि तेवढा वेळ कुणी गाणं सुरू केलं नाही.

ब्रदर परतीच्या प्रवासात माझ्याशी बोलले नाहीत. नगरला आल्यावर मी मंडळीच्या मासिक पत्रकासाठी दुरुस्ती लिहून दिली, सात ओळी. छापली नाही. जागा नव्हती, असं कळवलं. अकरा वर्षं पानं लावलेल्या बाईला जागा नव्हती हे सांगू नये. 'अलेफा व्याधीमुक्त' मात्र वार्षिक अंकात चौकटीत आलं, माझ्या नावासह. मी पत्र लिहिलं, दोनदा भेटले, शेवटी त्या अंकाच्या मिळतील तेवढ्या प्रतींवर हाताने काट मारली. त्याला आता बारा वर्षं झाली. अजून कुठल्या ना कुठल्या सभेत कुणीतरी मला येऊन विचारतं, आफ्रिकेतल्या त्या मुलीचा चमत्कार तुम्हीच पाहिलात ना?

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी उपासना संपल्यावर मी चर्चच्या बाजूला आंब्याखाली पास्टरांना गाठलं.

"तुम्ही मी बोलले त्यापेक्षा जास्त बोललात."

"हो."

"काय?"

"सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी हिला सायकलवर बसवून दवाखान्यात मीच नेलं होतं. गोळ्या चालू आहेत हे मला माहीत होतं. त्या शुक्रवारी भाषांतर करतानाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पाहुणे," ते म्हणाले. "समुद्र ओलांडून आलात. छप्पर घातलंत. इतके आनंदात होतात. पाहुण्याला मंडळीसमोर खोटं कसं पाडायचं? आमच्यात ते करत नाहीत." मग म्हणाले, "एका मुलीचा जीव की पाहुण्याचा मान, असं कुणी मला विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण तो आमच्यावर येऊन थांबला. आठ माणसं एका गावात सोळा दिवस राहिली, रोज त्यांच्या हातचं जेवली, आणि तिथल्या एकाही माणसाला आम्हाला 'चुकलात' म्हणता आलं नाही. आम्ही त्याला आदर समजत होतो. मी तर तसं लिहूनही पाठवलं होतं.

अलेफा आमच्याकडे येत होती. मागे पारधे सिस्टर, त्यांच्या कडेवर तिची मुलगी. अलेफा माझ्यासमोर उभी राहिली.

"तू देवाची क्षमा मागितलीस," ती म्हणाली.

"हो."

"मंडळीला सांगितलंस."

"हो."

"आणि माझी?"

आजूबाजूला माणसं होती. ब्रदर दहा पावलांवर उभे होते, पाठ करून, पण ऐकत. लिहिलेलं काही माझ्याजवळ नव्हतं. "अलेफा," मी म्हणाले, "मी तुझं ऐकलंच नाही. तुझ्याबद्दल लिहिलं आणि तुला विचारलं नाही. मला क्षमा कर."

तिने उजव्या हाताने कमरेच्या कापडाच्या गाठीतून पुडी काढली, दातांनी फाडली, आणि सगळ्यांदेखत, सासूदेखत, गोळी जिभेवर ठेवली. सिस्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. ती गटागटा प्यायली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"गुडघे टेक," ती म्हणाली.

मी टेकले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, चांगला हात, आणि प्रार्थना करायला लागली. चिचेवात. सोळा दिवसांत आम्ही त्या गावात शेकडो डोक्यांवर हात ठेवले होते. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यावर कुणी ठेवला नव्हता. प्रार्थना लांबली. तिच्या आवाजात राग होता, तो भाषा न येताही कळत होता, आणि हाताचा दाब वाढत होता. दोनदा माझं नाव आलं. पास्टर सवयीने भाषांतर करायला पुढे झाले. तिने पट्टी बांधलेला हात उचलून त्यांना थांबवलं.

जन्मापासून मी चर्चमध्ये जात होते. इतकं खरं माझ्यासाठी कुणी देवाशी बोललं नव्हतं. मला त्यातला एक शब्द कळला नाही.

शेवटचा कळला. तो सगळीकडे एकच असतो. मी म्हणाले, आमेन.